मधेच तुटलेला धवला

आते, तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना.

खाडीच्या बांधावर पिंड मांडून पाऊण तास झाला, तरी एकही कावळा खाली उतरायला तयार नव्हता. समोरच्या तिवरांवर दहा-बारा बसले होते, माना वाकड्या करून बघत होते आणि उडून जात होते. मग नेहमीचं सुरू झालं. कोणी म्हणालं, म्हातारीचा जीव नातवंडांत अडकलाय. कोणी म्हणालं, तिचा पितळी पानाचा डबा शेजारी ठेवा. ज्याला जे सुचेल ते तो कबूल करत होता. शेवटी कडक इस्त्रीतले आपले पुढारी पुढे झाले आणि हात जोडून खाडीला म्हणाले, की हिराबाईंच्या नावाची कमान वेशीवर उभी करू.

कमान! ज्या घराने गेली पस्तीस-चाळीस वर्षं आपल्या एकाही लग्नात तुला मांडवाच्या खांबाला टेकू दिलं नाही, ते घर तुझ्या नावाची कमान उभारणार. मला तिथेच शिसारी आली.

कावळा का येत नव्हता, ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. जन्मभर मी आवाजाचाच धंदा केलाय. माझ्या निलेशने बांधावर दोन मोठे स्पीकर उभे केले होते आणि त्यातून भजन चालू होतं. भजन आपलं म्हणायचं. एक माणूस नाकातून रडत होता, मागे यंत्रातली बासरी, आणि प्रत्येक शब्द पाच-पाच वेळा घुमत होता. माणसं कानावर हात ठेवून लांब उभी होती, तिथे कावळा कशाला येईल? मी निलेशला खूण केली. तो जवळ येऊन म्हणाला, "बाबा, असं मधेच बंद केलं तर बरं नाय दिसणार." मग मीच जाऊन वायर ओढली. दोन मिनिटांत कावळा आला आणि पिंडाला चोच लावून गेला.

लोक म्हणाले, बघा, कमानीचं ऐकलं आणि शिवला.

मी काही बोललो नाही. न बोलण्याची मला जुनी सवय आहे, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

बॅनर तू बघितला नाहीस ते बरंच झालं. ढगांत तुझा फोटो, खाली पंधरा जणांचे चेहरे, आणि वर अक्षरं: 'धवल्यांची सम्राज्ञी'. आजकाल नव्या सुनांना सांगावं लागतं, की धवलारीण म्हणजे लग्न गाऊन लावणारी बाई. मांडव पडल्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा. देवांना, पितरांना, वेशीला, खाडीला नावानं हाक मारून लग्नाला बोलवायचं, आणि ते सगळं पाठ, कारण तुला अक्षर ओळखता येत नव्हतं. ज्या पोरांना हे माहीत नाही त्यांनी तुझ्या फोटोखाली कुठल्या तरी बाईचं स्टुडिओतलं गाणं लावून मोबाइलवर फिरवलं. आवाज तुझा नाही. त्या बाईचा आवाज कोवळा, साखरेत बुडवलेला, खाली ढोलाचा ठेका. शंभर जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. हा आवाज हिराआतेचा नाही, असं एकानेही लिहिलं नाही. मीही नाही लिहिलं.

आता मला वीट येतो म्हणून सांगतोय, पण खरं तर पहिला वीट मला तुझ्याच गाण्याचा होता.

वीस-एकविसाव्या वर्षी मी पेणमध्ये पहिला कर्णा घेतला. गावात वीज यायची होती, ट्रकच्या बॅटरीवर मशीन चालवायचो. आंब्यावर चढून कर्णा बांधला आणि सिनेमाची तबकडी लावली, की खाडीपलीकडची माणसं होडीतून बघायला यायची. मला वाटायचं, जग मीच आणलंय गावात. आणि त्याच मांडवात तू, डोक्यावर पदर, गालात पान, मागे सात-आठ बायका मशेरीचे दात दाखवत बसलेल्या. तुझा तो जाडा आवाज. चिखलातून पाय काढावा तशी एकेक ओळ बाहेर यायची. तास तास तीच चाल. मला खरोखर किळस यायची, आते. पानाचा वास, हळदीचा वास, घामाचा वास आणि ते न संपणारं गाणं, सगळं माझ्या मनात एकच झालं होतं.

मी तुला तोंडावर म्हणालो होतो, "आते, तुझं गाणं म्हंजे नुसता रहाट."

तू पान थुंकलीस आणि म्हणालीस, "रहाट थांबला तं पानी बी थांबतं रं, दाम्या."

माझ्या लग्नात तर मी कळसच केला. तू मांडवात बसलीस आणि मी, नवरा मुलगा, कांकण बांधलेल्या हातांनी मशीन चालू करायला उठलो. नवी तबकडी आली होती ना! तू भांडली नाहीस. बायकांना घेऊन मागच्या पडवीत गेलीस, उखळाशेजारी बसलीस आणि धवला पुरा केलास. मला ते कळलंही नाही. सुलोचनाने पुढे कधी तरी सांगितलं, की आपलं लग्न पडवीत लागलं, मांडवात नुसती गाणी वाजली. मी हसलो होतो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा समजली. कर्ण्याने तुला झाकलं, पण मोडलं नाही. मोडलीस तू, जेव्हा मी तुझा मान करायला निघालो तेव्हा.

रोह्याचं लग्न. वनिताचं, आपल्या नात्यातल्या मुलीचं. धाटावच्या कंपन्या जोरात होत्या, रोह्यात आपल्या लोकांची पक्की घरं उठत होती, आणि वनिताच्या बापाला सगळं भारी हवं होतं. मी तेव्हा नवा अॅम्प्लिफायर आणला होता आणि चकचकीत माइक. माझ्या मनात आलं, शहरातली माणसं आलीत, कंपनीतले साहेब आलेत, आपली आत्या मागे कुठे तरी पुटपुटते ते बरं दिसत नाही. तुझ्यापुढे माइक ठेवावा. तू नको म्हणालीस. "मी काय निवडनुकीला उभी हाय?" असं म्हणालीस. मी ऐकलं नाही. माइक तुझ्या तोंडाजवळ आणला आणि दोन्ही कर्णे मांडवाकडे वळवले.

नवरीला मांडवात आणायचा धवला. तू पहिली ओळ म्हणालीस आणि ती रोह्याच्या नदीपर्यंत ऐकू गेली. साहेबांनी माना डोलावल्या. मी छाती फुगवली.

धवला एकट्या बाईचा नसतोच, हे मला कोण सांगणार होतं? खरं म्हणजे वीस वर्षं तो ऐकणाऱ्याला सांगावं लागू नये. तू ओळ टाकायचीस, मागच्या बायका ती उचलायच्या, आणि त्या म्हणत असताना तू श्वास घ्यायचीस, पुढची ओळ आठवायचीस. तेच त्याचं चालणं. त्या दिवशी बायकांपुढे माइक नव्हता. तुझी ओळ संपली तरी कर्ण्यांतून घुमत राहिली, आणि मागून कोणी उचलल्याचं तुला ऐकू आलं नाही. तू थांबलीस. तीच ओळ पुन्हा घेतलीस. पुन्हा काही नाही. तू मान वळवून मागे पाहिलंस. तिसऱ्यांदा सुरू केलीस आणि मधेच शब्द हुकला. तीस वर्षांत न हुकलेला शब्द, आणि तो कर्ण्यातून सगळ्या रोह्याने ऐकला.

धवला तुटला. नवरी उंबऱ्यावर, एक पाय आत आणि एक बाहेर. म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

आणि मी काय केलं? कॅसेट लावली. शांतता झाली की धंद्यातल्या माणसाचा हात आपोआप बटणावर जातो. ठेका सुरू झाला, पोरं नाचायला लागली, वनिता नाचणाऱ्यांतून वाट काढत आत आली. तू माइकसमोर बसून होतीस. कोणी तरी तुला हाताला धरून उठवलं.

हे एवढंच असतं, तरी मी स्वतःला माफ केलं असतं. चूक होती, अडाणीपणाची होती. पण जेवणाच्या पंगतीत वनिताच्या बापाने विचारलं, "दामू, काय झाला रं? मशीन बिघडला काय?" नवा अॅम्प्लिफायर, पहिलंच मोठं लग्न, शेजारी आणखी दोन मुलींचे बाप बसलेले. मी म्हणालो, "मशीन चोख हाय. आत्याचा दम गेला आता. वय झाला तिचा."

तू पन्नाशीची होतीस.

ते वाक्य आजही तोंडात आलं की मला थुंकावंसं वाटतं. ते वाक्य रोह्याहून पेणला, पेणहून खाडीकाठच्या सगळ्या गावांत माझ्यापेक्षा आधी पोचलं. वर्षभरात वनिता माहेरी परत आली आणि मग काय, लोकांना कारण मिळालं. तुटलेल्या धवल्याचं लग्न. हिरा बसली की मोडतं. तुला बोलावणं बंद झालं. आधी मोठ्या घरांनी बंद केलं, मग सगळ्यांनी. तुझ्या जागी कोणी दुसरी धवलारीण आली असती तरी ठीक होतं, पण त्या जागी मी आलो. लोक म्हणायचे, कशाला ती कटकट, दामूच्या कॅसेटी हायत ना. माझा धंदा त्या दोन वर्षांत वाढला.

तू जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जाऊ लागलीस. संध्याकाळी पेणच्या स्टँडवर उतरायचीस, केसांपासून पावलांपर्यंत पांढरी. मी टेम्पोतून जाताना दिसायचीस. कधी थांबायचो, कधी घाई असल्याचं दाखवायचो. घाई नसायची. थांबलो की तू मागे कर्ण्यांच्या शेजारी बसायचीस आणि त्यांच्यावर हात टेकवून विचारायचीस, "धंदा बरा हाय ना?" तुझ्या त्या विचारण्यात टोमणा शोधायचो मी. सापडला असता तर किती बरं झालं असतं.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, त्याही गेल्या. निलेशने धंदा हातात घेतला आणि त्याचा डोंगर केला. एकावर एक काळे डबे, वर फिरणारे दिवे. हळदीला लावला की छातीतलं पाणी हलतं. नवरीच्या आजीला उचलून आत न्यावं लागतं. मला विचारशील तर ते गाणं नाहीच, कोणी तरी पत्र्यावर दगड मारतंय आणि मधे मधे ओरडतंय. मी निलेशला हे सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "बाबा, तुमच्या कर्ण्याला आजोबा पन हेच बोलायचे." खरं बोलला. माझे वडील, तुझे थोरले भाऊ, माझ्या कर्ण्याला 'गाढवाचं तोंड' म्हणायचे. म्हणून माझ्या किळसेवर माझा स्वतःचाच भरवसा नाही.

मग सहा वर्षांपूर्वी एका हळदीत निलेशचा जनरेटर बसला. दुपारची वेळ. डबे गप्प, दिवे गप्प, पोरं घामाघूम उभी, निलेश फोनवर ओरडतोय. आणि मांडवाच्या कोपऱ्यातून कुठल्या तरी म्हातारीने हळद लावण्याचा धवला सुरू केला. मागून तिघी-चौघींनी उचलला. मी एका डब्यावर बसलो होतो. मला वाटलं, नेहमीसारखा कंटाळा येईल. कंटाळा येईना. ती चाल पुढे सरकत नव्हती आणि मला ती सरकायला नकोच होती. इतकी वर्षं मी गाणं कुठे तरी पोचण्याची वाट बघत होतो. हे कुठे जात नव्हतं, सगळ्यांना बोलावून तिथेच बसवत होतं. माझे डोळे भरून आले. मग जनरेटर चालू झाला.

त्याच सुमारास पेणच्या डॉक्टरने माझे कान तपासले आणि सांगितलं, वरचे बारीक आवाज गेलेत, धंद्याने खाल्ले. कुकरची शिटी मला ऐकू येत नाही. नात पूजा बोलते ते अर्धं कळतं. जाडे, खालचे आवाज तेवढे राहिलेत. म्हणजे बघ, माझी आवड सुधारली की कान मोडल्यामुळे तुझ्यासारखा आवाज तेवढा उरला, हे मलाच ठरवता येत नाही. चांगलं समजायला म्हातारं व्हावं लागतं, असं लोक अभिमानाने सांगतात. मला तसला अभिमान नाही. दात गेल्यावर पेज आवडायला लागणं, यात अक्कल कसली?

तरी मी तुझ्याकडे आलो. खिशात मोबाइल, त्यात आवाज धरून ठेवायची सोय. तू अंगणात वाल सोलत बसली होतीस. मी म्हणालो, आते, धवले म्हण, मी भरून घेतो. तुझ्यानंतर कोणाला येणार?

"मांडव कुठाय?" तू विचारलंस.

"मांडव कशाला? असंच म्हण."

"असाच? बिनमांडवाचा देवाला बोलावू? आला आनि बोलला, कुठाय लगीन, तर काय सांगू? दाम्या मोबाइल घेऊन आलाय?"

मी खूप समजावलं. संस्कृती जपायला हवी, असंही म्हणालो. पुढारी बोलतात तसंच. तू हसून वालाची साल माझ्या अंगावर टाकलीस. "मी काय रेडिओ हाय, बटन पिरगाळला का लागला? आनि तुला कवापासून आवडाया लागला रं?"

"आता आवडतं."

"मंग तू म्हातारा झालास. गान्यात काय बदल नाय झाला."

त्या सहा वर्षांत मी किती वेळा आलो असेन! दर वेळी वाद तोच. मी म्हणायचो, गाणं ते गाणं, कुठेही म्हटलं तरी तेच. तू म्हणायचीस, धवला हे गाणं नाय, काम हाय. भात लावायचा तर शेत पायजे, घरात बसून कोन लावतो? मी चिडायचो. तू बिरडं वाढायचीस. आणि दर वेळी उठताना रोह्याचं वाक्य माझ्या गळ्यापर्यंत यायचं. आते, ते मी पसरवलं. तुझा दम नव्हता गेला, माझ्या माइकने तुला एकटं पाडलं. एवढीच दोन वाक्यं. मी पायताणं घालायचो आणि म्हणायचो, येतो.

शेवटी तूच म्हणालीस, "पूजाचा लगीन काढ. मंग म्हनीन. बसवशील ना मांडवात?"

मी हो म्हणालो. गेल्या महिन्यात पूजाचं जमलं, वैशाखातली तारीख धरली. तुला सांगायला आलो, तर तू अंथरुणावर होतीस. तुला कळलं, तू बोटं मोडून पूजाची दृष्ट काढलीस. मग म्हणालीस, "मना उचलून न्यावा लागंल." मी म्हणालो, खुर्चीत बसवून नेईन. नेलं चौघांनी, पण दुसरीकडे.

आता दहाव्याचं राहिलेलं सांगतो, कारण सगळ्यांत घाण भाग तोच आहे.

कावळा शिवल्यावर निलेशने वायर पुन्हा जोडली आणि माइक फिरायला लागला. दोन दोन शब्द बोला. पुढारी बोलले, सरपंच बोलले. मग माझ्या हातात आला, सख्खा भाचा म्हणून. समोर रोह्याची माणसं बसली होती. वनिता आली होती, एकटी, एस.टी.ने. साठीची झाली आता, केस पांढरे. मला वाटलं, आज. आता नाही तर कधी? तोंड उघडलं आणि माझाच आवाज बांधावर घुमला: "आत्याचा आवाज म्हणजे देवाची देणगी होती. असा आवाज पुन्हा होणे नाही." टाळ्या पडल्या, आते. दहाव्याला टाळ्या. माझ्या तोंडाला कडू चव आली, ती अजून गेलेली नाही.

माणसं पांगल्यावर वनिता जवळ आली. म्हणाली, "काका, मना वाटला तुमी आज तरी बोलाल."

मी विचारलं, "काय बोलेन?"

"रोह्याचा." ती शांत होती. "माझा नवरा दारू पिऊन मारायचा म्हनून मी आले. धवल्यानं कोनाला दारू पाजली नाय. मी सांगत फिरले, कोनी आयकला नाय. तुमचा आयकला असता. तुमी मशीनवाले."

घरी आलो आणि सुलोचनाला विचारलं, वनिताला हे कसं माहीत? सुलोचना दहाव्याची भांडी पुसत होती. तिने वर न बघता विचारलं, "कोनाला नाय माहीत?"

तेव्हा मला आठवलं. रोह्याला तुझ्या मागच्या रांगेत माझी बायकोही होती. लग्न झाल्यापासून दर लग्नात ती तिथेच बसायची. मी कधी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, माझं लक्ष मशीनवर.

मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही सगळ्या थांबलात का पण? एकीने तरी ओळ उचलायची."

सुलोचनाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आमी थांबलो? आमी म्हनत व्हतो. घसे तानून म्हनत व्हतो. तिला आयकू गेला नाय. तिनं वळून बघितला तवा आमची तोंडं हलत व्हती, तिला दिसला पन. म्हनून तर शब्द हुकला."

इतकी वर्षं मी समजत होतो, की त्या गप्प बसल्या. आठ बायका गात होत्या आणि माझ्या कर्ण्याखाली त्या मुक्या झाल्या होत्या. तुला ते त्याच क्षणी कळलं होतं.

"मग कोणी बोललं का नाही?"

"मी निघाले व्हते बोलायला. पंगतीत तुमी जे बोललात ते मी वाढताना आयकला. हातातला भात टाकून येनार व्हते. आत्यानं हात धरला. बोलली, पोराचा धंदा नवा हाय, लोकांपुढं तोंडघशी पडंल. माझं काय, मी मिठागरावर मीठ वडीन. आमच्या सगळ्यांकडून तिनं शब्द घेतला."

तू टेम्पोत कर्ण्यांवर हात टेकवून विचारायचीस, धंदा बरा हाय ना. तो टोमणा नव्हता. तू तुझं गाणं देऊन वाचवलेली वस्तू नीट चालतेय ना, एवढंच बघत होतीस. मला रडू आलं, पण रडण्याचीही घाण वाटली. तुझ्यावर रागही आला. का गप्प बसलीस? मला एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पडू दिलं असतंस, तर मी उठून माणूस झालो असतो. आपलं हे भांडण राहिलंच. तुझे माझ्यावर उपकार आहेत आणि ते उपकार मला गिळवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुलोचनाला विचारलं, "तुला सगळे धवले येतात?"

"धा-बारा वर्सं उचलले. येनारच."

"एक म्हण ना."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला तूच दिसलीस. "मांडव कुठाय?"

वैशाखात मांडव आहे. निलेशशी काल भांडण झालं, मोठं झालं. त्याने पाच थरांचा डोंगर ठरवला होता. मांडवाच्या दिवसांत एकही डबा आत येणार नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, लोक हसतील, साउंडवाल्याच्या घरात लग्न आणि साउंड नाही. मी म्हटलं, हसू देत. पूजा मधे पडली, म्हणून थांबलं. वनिता रोह्याहून मागच्या रांगेत बसायला येणार आहे. ज्या धवल्यावर तिचं लग्न मोडल्याचं खापर फोडलं, तोच ती उचलणार आहे. कोणी नाक मुरडलं तर मुरडो.

सुलोचना पुढे बसायला तयार झाली, पण एका अटीवर. रोह्याला काय झालं ते मी स्वतः सांगायचं. धवला सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर, उभं राहून. आणि माइक नाही.

मला भीती वाटते, आते. बहात्तर वर्षांचा झालो आणि चार माणसांपुढे माइकशिवाय एकदाही बोललेलो नाही. घसा आता चालत नाही. मी बोललेलं किती जोरात गेलं, तेही मला नीट ऐकू येत नाही. काल सुलोचनाला म्हणालो, मांडव भरलेला असणार, माझा आवाज मागपर्यंत नाही गेला तर?

ती वाल निवडत होती. म्हणाली, "नाय गेला तर मागच्या बाया उचलतील."